चारचौघांत बोलायची भीती: कम्फर्ट झोन सोडायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

संत्रानगरी:
मीटिंगमध्ये तोंड उघडायची वेळ आली की घशाला कोरड पडते. ‘आपल्याला चारचौघांत बोलता येत नाही’ हे डोक्यात पक्कं बसलंय. जो तो सांगतो, कम्फर्ट झोन सोड. पण सोमवारी सकाळी ऑफिसात गेल्यावर करायचं काय?

धरमपेठकर:
भाऊ, आधी ते वाक्य बदला. ‘बोलता येत नाही’ हे तपासता येत नाही. ‘प्रश्न विचारला तर मी अडखळेन आणि लोक हसतील’ हे तपासता येतं. वहीत लिहा, खात्री किती टक्के तेही लिहा. प्रसंग झाला की त्याच पानावर काय घडलं ते: किती जण हसले, उत्तर मिळालं का. नुसतं ‘वाईट वाटलं’ लिहून भागत नाही.

मग आठ-दहा प्रसंगांना ० ते १०० असे भीतीचे गुण द्या. आपल्या नागपुरात बर्डीच्या मेन रोडवर शर्टांचे भाव विचारून काही न घेता निघणं ३०, मीटिंगमध्ये एक प्रश्न ५०, उभं राहून पाच मिनिटं माहिती देणं ८०. सुरुवात ३०-४० पासून. एकच पायरी आठवड्यात तीन-चारदा. भीती शून्यावर यायची वाट पाहू नका. अंदाज खोटा ठरायला लागला की वर चढा.

महालवाली:
पायऱ्या बरोबर, पण बहुतेकांचं घोडं अडतं ते आधारांवर. कागदात बघून वाचणं, नजर मोबाइलमध्ये, भरभर बोलून मोकळं होणं. मग नीट झालं तरी मन म्हणतं, ‘कागद होता म्हणून निभावलं.’ समज जिथल्या तिथे. दर वेळी एक आधार काढा. मधेच उठून जाऊ नका. उठल्याबरोबर जीव हलका होतो, आणि तोच हलकेपणा पुढच्या वेळी टाळायला लावतो. जागाही बदला. ऑफिसात गेलेली भीती सोसायटीच्या सभेत परत येते, कारण जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवा अनुभव साठतो.

कम्फर्ट झोन सोडायला थंड पाण्याने आंघोळ करा म्हणतात, ते सल्ले सोडून द्या. सभेची भीती सभेतच जाते.

खामला_चौक:
आरईबीटी (चुकीच्या समजुती तपासून बदलायला शिकवणारी) ही मानसोपचारपद्धती १९५५ च्या सुमारास मांडणारे अल्बर्ट एलिस लोकांना खास लाजेवरचा सराव द्यायचे: गाडीत मोठ्याने स्टेशनचं नाव पुकारा. मेट्रोत कस्तुरचंद पार्क आलं की करून बघा. लाज वाटणारच, ती वाटत असताना तिथेच उभं राहायचं, हाच सराव. कुणाला त्रास होईल किंवा नोकरीवर येईल असं काही निवडू नका.

झोप उडाली असेल, जुना आघात असेल, जीव नकोसा वाटत असेल तर हे एकट्याने करू नका. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांची मानसोपचार ओपीडी गाठा, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा.

संत्रानगरी:
मीटिंगमधल्या एका प्रश्नालाच ७० गुण पडले तर?

धरमपेठकर:
पायरी मोठी झाली, तोडा. तोच प्रश्न आधी एका सहकाऱ्याला, मग टपरीवर चहा घेताना तिघा-चौघांत, मग मीटिंगमध्ये. तिथे पहिल्या दहा मिनिटांतच विचारा. शेवटावर ठेवला की तासभर धास्ती चढत जाते.