इंदूर : हॉटेलात मुलं टिकत नाहीत, पगार वाढवूनही गळती तशीच

विजयनगर_४२
विजयनगरात ४२ खोल्यांचं हॉटेल, सरासरी ५० माणसं कामाला. गेल्या १२ महिन्यांत ३६ जण सोडून गेले. मध्ये सगळ्यांचा पगार दीड हजारानं वाढवला, तरी फरक नाही. मालकांचं म्हणणं, मूळ मार्कशीट जमा करून घ्या आणि एका महिन्याचा पगार मागे ठेवा. असं करावं का?

हजेरीबुक
दोन्ही करू नका. मार्कशीट ठेवून घेणं अन्यायाचं आहे, आणि पगार अडकवला की माणूस थांबत नाही, फक्त न सांगता जातो. खात्यात पैसे पडले की दुसऱ्या दिवशी फोन बंद. शिवाय वेतन संहितेप्रमाणे राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब चुकता करावा लागतो.

३६ भागिले ५०, म्हणजे ७२ टक्के. या एका आकड्यातून काही कळत नाही. गेलेल्या प्रत्येकापुढे त्याचं कामाचं खातं (किचन, हाउसकीपिंग वगैरे), रुजू झाल्याची तारीख आणि शेवटचा दिवस लिहा. ९० दिवसांच्या आत गेलेले वेगळे काढा. ते भरतीच्या वेळी सांगितलेलं आणि प्रत्यक्षातलं काम जुळलं नाही म्हणून जातात. दोन-तीन वर्षांनी जाणारा बहुधा वरची जागा दिसत नाही म्हणून जातो. त्याला वेगळं औषध लागतं.

विजयनगर_४२
रजिस्टर काढलं. ३६ पैकी २३ जण ९० दिवसांच्या आतले, त्यांतले १४ हाउसकीपिंगचे.

लिननरूम
मग रोग सापडला. रूम बॉयला खोल्या मोजून देता की मिनिटं मोजून? चेकआउटच्या खोलीला ३५ मिनिटं लागतात, पाहुणा राहत असलेल्या खोलीला २०. १४ खोल्यांत ८ चेकआउट असतील तर २८० अधिक १२०, म्हणजे ४०० मिनिटं. आठ तासांच्या ४८० मधून जेवण आणि ट्रॉली भरण्याला ८० उरतात. आता सोमवार बघा. महाकालच्या दर्शनाला आलेली शनिवार-रविवारची गर्दी एकदम निघते. त्याच १४ खोल्यांत १२ चेकआउट, म्हणजे ४६० मिनिटं. नव्या मुलाचं जेवण बुडतं. ४०० च्या वर काम देऊ नका. सोमवारी एक माणूस जादा लावा आणि त्याची साप्ताहिक सुट्टी बुधवारी टाका.

दुसरं, चादरी मोजा. एका पलंगामागे किमान तीन संच हवेत : एक पलंगावर, एक धुलाईत, एक कपाटात. धुलाई बाहेर देत असाल तर चार. कमी पडल्या की दुपारी एक वाजता मुलगा लिननरूमच्या, म्हणजे चादरींच्या खोलीच्या, दारात रिकामे हात घेऊन उभा असतो, धुलाईची गाडी आलेली नसते, रिसेप्शनवरून "२०७ झाली का?" म्हणून तिसरा फोन येतो आणि सुपरवायझर त्यालाच झापतो. जुना मुलगा सकाळीच दोन चादरी ट्रॉलीखाली दडवून ठेवतो. नव्याला ते माहीत नसतं. दीड हजारानं ही बोलणी भरून निघत नाहीत हो.

भट्टी_नंबर_२
किचनमध्ये ब्रेक शिफ्टनं माणूस तुटतो. ११ ते ३ आणि परत ७ ते ११. मधल्या चार तासांत ज्याची खोली लांब आहे तो जाणार कुठे? पंख्याची, आडवं होता येईल अशी जागा द्या. रात्री ११ ला सुटलेल्याला सकाळी ६ ला बोलावू नका, मध्ये किमान ११ तास हवेत. पुढच्या महिन्याचा ड्यूटी चार्ट २५ तारखेला भिंतीवर लागला पाहिजे. नेपाळची मुलं असतील तर दशैंची आणि बिहारची असतील तर छठची रजा दोन महिने आधी, पाळीपाळीनं ठरवा. नाहीतर रजा मिळणार नाही म्हणून ती नोकरीच सोडतात.

हजेरीबुक
एक राहिलं. नव्या मुलाला पहिले १० दिवस एकाच जुन्या माणसाबरोबर जोडा, रोज नव्याबरोबर नको. नवा ३० दिवस टिकला की त्या जुन्याला ५०० रुपये, ९० झाले की आणखी हजार. आणि तिसऱ्या, दहाव्या, तिसाव्या दिवशी नव्या मुलाशी तुम्ही स्वतः पाच मिनिटं बोला, सुपरवायझरला बाहेर ठेवून. १४ जण एकाच खात्यातून गेलेत, तेव्हा त्या सुपरवायझरचं वागणंही तिथंच कळेल.