बदली वेगळी, पूर्वअट वेगळी: विंडोज अपडेटची साखळी समजून घ्यायलाच हवी का?

कोल्हापूरकर
परवा एक मित्र ठामपणे म्हणाला, "शेवटचं अपडेट टाकलं की मागचं सगळं त्यात आलं. बाकी डोकेफोड कशाला?" मला हे अजिबात पटत नाही.

ऑगस्ट २०१९. एका पॅथॉलॉजी लॅबमधला विंडोज ७चा संगणक, रक्त तपासायच्या मशीनला जोडलेला, म्हणून नेट मुद्दाम तोडलेलं. त्या महिन्याचा रोलअप, म्हणजे मागच्या दुरुस्त्यांसकट एकत्रित अपडेट, पेनड्राइव्हवर नेला. डबल क्लिक केलं, हिरवी पट्टी थोडी सरकली आणि एरर आली: ८००९२००४. फाइल दोनदा नव्याने उतरवली, तरी तेच. अख्खी संध्याकाळ त्यात गेली.

फाइल चांगलीच होती. त्या महिन्यापासून विंडोज ७ची अपडेट्स फक्त शा-२ सहीची (फाइल खरी असल्याची खात्री देणाऱ्या नव्या प्रकारच्या डिजिटल सहीची) येऊ लागली होती आणि या संगणकाला ती सही ओळखताच येत नव्हती. त्याआधी केबी४४९०६२८ (केबी म्हणजे मायक्रोसॉफ्टचा अपडेट नंबर) हा सर्व्हिसिंग स्टॅक, म्हणजे अपडेट बसवणारा विंडोजचाच भाग, आणि शा-२साठीचं केबी४४७४४१९ बसायला हवं होतं. दोन्ही मार्चमध्येच आली होती. ती टाकली, रीस्टार्ट केलं, रोलअप निमूट बसला.

एखादं अपडेट दुसऱ्याची जागा घेतं, एखादं दुसऱ्याच्या आधी लागतं. ही दोन निराळी नाती आहेत. रोलअप मागच्या रोलअपची जागा घेतो, हे खरं. पण अपडेट बसवणारा स्टॅकच जुना असला तर? त्याची दुरुस्ती रोलअपच्या पोटात ठेवणं म्हणजे किल्ली कपाटात ठेवून दार ओढून घेणं.

पॅचवाला
अनुभव खरा, निष्कर्ष चुकीचा. २०२१पासून विंडोज १०च्या '२००४' नावाच्या आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना स्टॅक आणि महिन्याचं अपडेट एकाच पॅकेजमध्ये मिळतं. आधी काय बसवायचं, ते संगणक स्वतः पाहतो. माझ्याकडे दीडशे मशीन आहेत. केबी नंबरांची एक्सेल शीट सांभाळत बसलेले आणि त्यापायी दोन-दोन महिने मागे राहिलेले लोक मी पाहिलेत. त्यांच्यापेक्षा डोळे झाकून अपडेट लावणारा सुरक्षित.

नगरची
डोळे झाकून कसं चालेल? १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, आम्ही एका पतसंस्थेत प्रत्येक मशीनवर त्याला रोखणारं मार्चचं अपडेट, केबी४०१२२१२, शोधत होतो, कारण वरून आलेल्या यादीत तेवढाच नंबर होता. निम्म्या मशीनवर तो सापडेना. सगळ्यांच्या पोटात गोळा! रात्री उशिरा कळलं की त्या मशीनवर मे महिन्याचा रोलअप, केबी४०१९२६४, बसलेला आहे आणि मार्चची दुरुस्ती त्यातच आहे. मायक्रोसॉफ्टच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे अपडेट्सच्या वेबसाइटवर, 'पॅकेज डिटेल्स' उघडलं की कोणी कोणाची जागा घेतली ते दिसतं. ते आधी पाहिलं असतं तर झोप मिळाली असती.

उलटी चूकही पाहिली आहे. डब्ल्यूएसयूएसमध्ये (ऑफिसातल्या सगळ्या मशीनना अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरवर) 'सुपरसीडेड', म्हणजे जागा दुसऱ्याने घेतली, असं दिसलं की लगेच ते नाकारायचं आणि नवं मात्र मंजूर करायचं राहून गेलेलं. मशीनला ना जुनं मिळतं, ना नवं.

पॅचवाला
मग दोष माहितीच्या जागेचा आहे. 'हे त्या अपडेटमध्ये आलं आहे' एवढं संगणकानेच सांगायला हवं. वापरणाऱ्याने कॅटलॉग का चाळावा?

कोल्हापूरकर
सांगायला हवं, अगदी मान्य. पण एकत्र पॅकेज आलं म्हणून साखळी संपली नाही. त्यातला स्टॅक काढता येत नाही, म्हणून वुसा या विंडोजच्या नेहमीच्या साधनाने अनइन्स्टॉल केलं तर चालत नाही, डिझम हे दुसरं साधन वापरून फक्त महिन्याचा भाग काढावा लागतो. शिवाय विंडोज ११च्या २४एच२ या आवृत्तीला सप्टेंबर २०२४मध्ये केबी५०४३०८० हे चेकपॉइंट अपडेट आलं. पुढची अपडेट्स त्याच्यावर रचलेली. नेट असेल तर प्रश्न नाही. नेट नसलेल्या मशीनला मात्र चेकपॉइंटची फाइलही त्याच फोल्डरमध्ये द्यावी लागते. तुमच्या दीडशेतली किती मशीन नेटशिवाय आहेत?

पॅचवाला
तीन. तिन्ही २४एच२. तेवढ्यांपुरतं मान्य, बाकीच्या १४७साठी माझं मत तेच आहे. त्या तिघांच्या फोल्डरमध्ये आत्ता पाहिलं, चेकपॉइंटची फाइल नव्हती. ठेवली.