मोकळ्या जागेच्या चाचण्या लिनक्सवर उत्तीर्ण होतात, इतरत्र नाही: नेमके काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. मी सी भाषेत एक छोटी लायब्ररी लिहीत आहे. दिलेला पाथ ज्या फाइल सिस्टिमवर आहे तिची एकूण जागा, मोकळी जागा आणि सामान्य वापरकर्त्याला प्रत्यक्ष वापरता येणारी जागा, हे तीन आकडे बाइटमध्ये देणे एवढेच तिचे काम आहे. लिनक्स, मॅकओएस आणि फ्रीबीएसडीवर ती स्टॅटव्हीएफएस हे फंक्शन वापरते, तर विंडोजवर गेटडिस्कफ्रीस्पेसएक्स.

चाचण्या दोनच आहेत. पहिली आमचे आकडे डीएफ या, डिस्कवरील जागा दाखवणाऱ्या कमांडच्या आकड्यांशी ताडून पाहते. दुसरी शून्यांनी भरलेली १० एमबीची फाइल लिहून मोकळी जागा तेवढीच कमी झाली का हे तपासते. लिनक्सवर दोन्ही उत्तीर्ण होतात. मॅकओएसवर मात्र एकूण जागा बरोबर २५६ पट दिसते, आणि फ्रीबीएसडीवर झेडएफएस ही फाइल सिस्टिम असताना दुसरी चाचणी अनुत्तीर्ण होते. चूक कोडमध्ये आहे की चाचणीत, हे मला ठरवता येत नाही.

उत्तर १

२५६ पटीची चूक कोडमधलीच आहे. आपण ब्लॉकची (जागेच्या ठरावीक आकाराच्या तुकड्यांची) संख्या स्टॅटव्हीएफएसकडून मिळणाऱ्या एफ_बीसाइझ या मूल्याने गुणत असणार. पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकानुसार स्टॅटव्हीएफएसमधील एफ_ब्लॉक्स हा एकूण ब्लॉकचा आकडा एफ_एफआरसाइझ या एककात मोजलेला असतो. लिनक्सवर ही दोन्ही मूल्ये बहुतेक वेळा सारखीच असल्यामुळे चूक झाकली जाते. मॅकओएसवर एपीएफएस ही ॲपलची फाइल सिस्टिम असताना एफ_बीसाइझ १०,४८,५७६ आणि एफ_एफआरसाइझ ४,०९६ येते; भागाकार करून पाहावा.

तेथे आणखी एक अडचण आहे. मॅकओएसच्या स्टॅटव्हीएफएसमध्ये ब्लॉकची संख्या ३२ बिटांत साठवली जाते, त्यामुळे ४,०९६ बाइटचा ब्लॉक धरल्यास १६ टेबीबाइटच्या पुढचा आकडा त्यात मावत नाही. मोठ्या डिस्कसाठी त्या प्रणालीचे स्टॅटएफएस हे फंक्शन वापरणे योग्य ठरेल, परंतु त्यात एफ_बीसाइझ हेच मूळ एकक आहे. नाव तेच असूनही शेजारच्या दोन फंक्शनांत त्याचा अर्थ वेगळा आहे, म्हणून गुणाकाराचा भाग वेगळ्या फंक्शनमध्ये काढून त्याला ठरावीक आकडे देऊन तपासावे, असे मी आग्रहाने सुचवतो. अशा चाचणीला मॅकओएसचे यंत्रही लागत नाही, आणि ही चूक तिने पहिल्याच दिवशी पकडली असती.

उत्तर २

दुसऱ्या चाचणीबाबत मात्र दोष चाचणीचा आहे. झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांनी भरलेल्या फाइलला जवळजवळ जागाच लागत नाही. यादृच्छिक बाइट लिहिले तरी बदल ट्रान्झॅक्शन गटागटाने डिस्कवर जातात, आणि गट पूर्ण होण्याची मूळ मुदत ५ सेकंद असते. त्यामुळे लिहिल्यानंतर लगेच विचारलेला आकडा जुना असू शकतो. शिवाय एकाच पूलमधील (सामायिक साठ्यातील) दुसरा डेटासेट, म्हणजे तीच जागा वापरणारी दुसरी फाइल सिस्टिम, भरू लागला की आपल्या डेटासेटची ‘एकूण जागा’सुद्धा घटते. एपीएफएसमध्येही एका कंटेनरमधील व्हॉल्यूम मोकळी जागा वाटून घेतात, म्हणजे शेजारच्या व्हॉल्यूमवरील हालचालीने आपला आकडा बदलतो. डीएफशी तंतोतंत तुलनाही याच कारणाने डळमळीत आहे, कारण दोन मोजण्यांच्या मधल्या क्षणात दुसरी एखादी प्रक्रिया काहीतरी लिहून जाते.

समानता तपासण्याऐवजी संबंध तपासावेत: वापरता येणारी जागा मोकळ्या जागेपेक्षा जास्त नसावी आणि मोकळी जागा एकूण जागेपेक्षा जास्त नसावी. ‘वापरलेली अधिक वापरता येणारी बरोबर एकूण’ असे समीकरण मात्र लिहू नये. लिनक्सवरील एक्स्ट४ ही फाइल सिस्टिम मूळ मांडणीनुसार ५ टक्के ब्लॉक रूटसाठी (प्रशासक वापरकर्त्यासाठी) राखून ठेवते, तेवढी तफावत तेथे येणारच.

नेमके आकडे हवेच असतील तर चाचणीपुरती स्वतंत्र फाइल सिस्टिम तयार करावी: लिनक्सवर लूप डिव्हाइस (डिस्कसारखी वापरलेली फाइल), फ्रीबीएसडीवर एमडीकॉन्फिग, मॅकओएसवर एचडीआययुटिल आणि विंडोजवर व्हीएचडी. तिच्यावर दुसरे कोणी लिहीत नाही, म्हणून मिळालेल्या आकड्यावर विसंबता येते.

उत्तर ३

वरील संबंध दोन ठिकाणी मोडतात. फ्रीबीएसडीच्या स्टॅटएफएसमध्ये एफ_बीअव्हेल (वापरता येणाऱ्या ब्लॉकचा आकडा) चिन्हासह असतो, आणि यूएफएस या तिथल्या फाइल सिस्टिमवर रूटने राखीव भागात लिहिले की तो ऋण होतो. तो चिन्हरहित चलात घेतला तर प्रचंड मोठी जागा शिल्लक दिसते. दुसरे ठिकाण विंडोज: कोटा (वापरकर्त्याला ठरवून दिलेली जागेची मर्यादा) लागू असेल तर ‘एकूण’ हा आकडा त्या वापरकर्त्याच्या कोट्यापुरता असू शकतो, पण एकूण मोकळी जागा संपूर्ण डिस्कची असते, म्हणून मोकळी जागा एकूण जागेपेक्षा जास्त दिसणे शक्य आहे.

लिनक्सच्या /प्रोक या, डिस्कवर नसलेल्या आभासी फाइल सिस्टिमवरही एक चाचणी ठेवावी. तेथे ब्लॉकची संख्या ० येते, आणि टक्केवारी काढणारा कोड शून्याने भागाकार करतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. एफ_एफआरसाइझ वापरल्यावर मॅकओएसवरील आकडा बरोबर आला. गुणाकाराचे फंक्शन वेगळे केले असून ऋण एफ_बीअव्हेल, शून्य ब्लॉक आणि ३२ बिटांत न मावणारी संख्या अशी तीन उदाहरणे त्याच्या चाचणीत घातली आहेत. १० एमबीची चाचणी आता फक्त लूप डिव्हाइसवरील एक्स्ट४ वर चालते. विंडोजवर मोकळ्या आणि एकूण जागेची तुलना मी काढून टाकली आहे. तेथे वापरता येणारी जागा एकूण मोकळ्या जागेपेक्षा जास्त नाही एवढेच तपासतो.