झोपायच्या दुआचा अर्थ सांगितला आणि लेक रडायला लागली

रात्रीची_अम्मी

अस्सलामु अलैकुम. माझी लेक साडेचार वर्षांची आहे. गेले सहा-सात महिने रात्री आमचं सगळं ठरलेलं असतं, दात घासायचे, हात-पाय-तोंड धुवायचं (ती त्यालाच वज़ू म्हणते), मग अंथरूण झटकायचं, हे तिचं सगळ्यात आवडतं काम, आणि मग उजव्या कुशीवर आडवं होऊन "अल्लाहुम्म बिस्मिका अमूतु व अह्या". इतकं छान चाललेलं की मी विसरले तर तीच आठवण करून द्यायची.

मागच्या आठवड्यात तिनं विचारलं अम्मी ह्याचा अर्थ काय, आणि मी काही विचार न करता जसाच्या तसा सांगून टाकला, हे अल्लाह तुझ्याच नावाने मी मरते आणि जगते. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, मी झोपले की मरणार का? मी नाही नाही म्हटलं, जवळ घेतलं, पण त्या रात्री अकरा वाजेपर्यंत जागी होती. त्यात घरातल्या एका मोठ्या माणसानं तिला समजवायला म्हणून सांगितलं की दुआ म्हटली नाही तर शैतान येतो. आता ती दुआ म्हणते पण माझा हात घट्ट धरून, आणि एक शब्द चुकला तरी पहिल्यापासून सुरू करते, चार-चार वेळा.

मला तिला अल्लाहच्या जवळ न्यायचं होतं आणि तिच्या मनात भीतीच बसली असं वाटतंय. दुआ काही दिवस बंद ठेवू का? अर्थ एवढ्यात सांगायलाच नको होता का? ज्यांची मुलं ह्या वयातून गेलीत त्यांनी प्लीज सांगा.

तीन_लेकरांचा_अब्बू

वालैकुम अस्सलाम ताई. बंद करू नका. माझ्या मधल्याने पण हाच प्रश्न विचारला होता, पाच वर्षांचा होता तेव्हा. नंतर लक्षात आलं की आम्ही त्याला अर्धीच गोष्ट शिकवली होती. ह्या दुआची जोडी आहे ना, उठल्यावरची, "अल्हम्दुलिल्लाहिल्लज़ी अह्याना बअद मा अमातना व इलैहिन्नुशूर", सगळी तारीफ त्या अल्लाहची ज्याने आम्हाला मेल्यानंतर ज़िंदा केलं आणि त्याच्याकडेच उठून जायचंय. नबी (स.), म्हणजे पैगंबर मुहम्मद, झोपताना पहिली म्हणायचे आणि उठल्यावर ही दुसरी. आपण रात्रीची शिकवतो आणि सकाळी घाई, डबा, कपडे, ह्यात दुसरी राहूनच जाते, मग पोराच्या डोक्यात फक्त "मरतो" एवढंच उरतं.

आम्ही काय केलं, त्याने डोळे उघडले की आधी मी त्याच्या कानाशी ती म्हणायची, मग बाकी सगळं. आणि त्याला सांगितलं की तू झोपलास की तुला काहीच कळत नाही, ऐकू येत नाही, दिसत नाही, तेवढा वेळ तुला अल्लाह सांभाळतो, सकाळी परत उठवतो. म्हणून झोपताना त्याचं नाव, उठल्यावर त्याचे आभार. कुरआनच्या सूरह ज़ुमरच्या (सूरह म्हणजे अध्याय) ४२व्या आयतमध्ये, म्हणजे वचनात, झोपेची आणि मृत्यूची गोष्ट एकत्रच आलीय, पण ती सगळी समजावून सांगायचं हे वय नाही असं मला वाटतं. खोटं सांगू नका मात्र. अर्थ वेगळाच काहीतरी सांगितला तर पुढे मोठी झाल्यावर तिला कळणारच आहे.

दहा-बारा सकाळी गेल्या आणि त्याचं विचारणं आपोआप थांबलं.

मकतबवाली_आपा

मी लहान मुलांना शिकवते, चार ते आठ वयाची, आणि अमूतुवर दरवर्षी एखादं तरी मूल अडतंच, त्यामुळे आधी हे ऐका की तुमच्या हातून काही पाप झालेलं नाही. उलट लेक शब्दांचा विचार करतेय, नुसतं पाठ म्हणत नाहीये.

शैतानवाल्या भागाबद्दल मात्र मला बोलायचंय. हदीसमध्ये, म्हणजे नबी (स.) च्या नोंदवलेल्या बोलण्या-वागण्यात, तो भाग आहे, मी नाकारत नाही, पण कसा आहे ते बघा. नबी (स.) चे साथी हज़रत अबू हुरैरा (र.) रमज़ानच्या ज़कातच्या, म्हणजे दानाच्या, धान्यावर राखण करत होते, चोर यायचा, पकडला की गयावया करून सुटायचा, आणि तिसऱ्यांदा पकडल्यावर त्याने सांगितलं की झोपताना आयतुल कुर्सी (कुरआनमधली एक मोठी आयत) पढ, अल्लाहकडून एक राखणदार सकाळपर्यंत तुझ्याबरोबर राहील आणि शैतान जवळ येणार नाही. नबी (स.) म्हणाले, तो खोटारडा आहे पण हे खरं बोलला, आणि तो शैतान होता. आता ह्यात मुलाला काय सांगायचं? राखणदार! वाक्यात तोच आधी येतो. आपण मोठी माणसं नेमकं उलटं करतो, राखणदार विसरतो आणि शैतान तेवढा ध्यानात ठेवतो. लेकीला सांगा तुझ्या उशाशी रात्रभर अल्लाहने पाठवलेला पहारा आहे. माझ्या वर्गातल्या मुलांना ही गोष्ट इतकी आवडते की चोर परत आला का, परत आला का असं विचारत बसतात.

आयतुल कुर्सी तिला पाठ नसेल तर तुम्ही म्हणा, ती ऐकेल. साडेचारला एवढी मोठी आयत यायलाच हवी असं काही नाही. तिच्यासाठी तीन कुल, म्हणजे "कुल" शब्दाने सुरू होणाऱ्या तीन छोट्या सूरह पुरे, इख़्लास, फ़लक़, नास, म्हणजे ४, ५ आणि ६ आयती. हज़रत आयशा (र.) सांगतात की नबी (स.) रोज रात्री दोन्ही तळवे जोडून त्यात फुंकायचे, ह्या तीन सूरह पढायचे आणि मग डोक्यापासून, चेहऱ्यापासून सुरू करून जिथपर्यंत हात पोहोचेल तिथपर्यंत अंगावर फिरवायचे, असं तीनदा. मुलांना तोंडी शब्दांपेक्षा हे हाताचं काम लवकर जमतं. तिचे हात तुमच्या हातात घेऊन करा.

आणि पुन्हा पुन्हा पहिल्यापासून म्हणणं, ते हळूच थांबवा. रागावू नका, फक्त ती अडकली की पुढचा शब्द तुम्ही म्हणा आणि चालू ठेवा. तिला सांगा की कुरआन अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुप्पट सवाब (पुण्य) आहे असं नबी (स.) नी सांगितलंय, मग चुकलं म्हणून घाबरायचं कशाला. उच्चार पण इथे देवनागरीत लिहिलेलं वाचून पक्के करू नका, अरबीतली कितीतरी अक्षरं आपल्या लिपीत बसत नाहीत, एखाद्या चांगल्या क़ारीचं (कुरआन शुद्ध उच्चारात पढणाऱ्याचं) ऐकवा.

नानीजान

बेटा, वरच्या दोघांनी बरोबर सांगितलंय. मी एवढंच म्हणेन की काही दिवस तिच्याकडून म्हणवून घेणं कमी कर आणि तू तिच्यावर म्हण. नबी (स.) त्यांच्या नातवांवर, हसन-हुसैनवर, जी दुआ म्हणायचे ती, "उईज़ुकुमा बिकलिमातिल्लाहित्ताम्मति, मिन कुल्लि शैतानिन व हाम्मतिन, व मिन कुल्लि ऐनिन लाम्मह". म्हणजे अल्लाहच्या परिपूर्ण शब्दांच्या आश्रयात तुम्हा दोघांना देतो, प्रत्येक शैतानापासून, विषारी जिवापासून आणि वाईट नजरेपासून. ती दोघं म्हणून उईज़ुकुमा, तू एकट्या मुलीवर म्हणशील तर उईज़ुकि. आणि ते म्हणायचे की तुमचे वडील इब्राहीम (अ.) हेच शब्द इस्माईल आणि इस्हाक़साठी म्हणायचे. म्हणजे किती जुनी आहे बघ ही, बापाने लेकरांवर म्हणायची. ह्यात लेकराला काहीच करायचं नसतं, पाठ करायचं नसतं, चुकायचं नसतं. नुसतं आपल्या माणसाच्या कुशीत पडून राहायचं.

अंधाराची भीती असेल तर कुरआनमधल्या शहाण्या लुक़मानची गोष्ट सांग. तो पोराला सांगतो, मोहरीच्या दाण्याएवढी गोष्ट खडकात असो, आसमानात असो, ज़मिनीत असो, अल्लाह ती बाहेर आणतो. माझ्या नातवाला मी म्हणायचे, मोहरीचा दाणा त्याला सापडतो तर अंथरुणात पडलेला तू सापडणार नाहीस होय? पण सांगताना धमकीच्या सुरात नको, "अल्लाह बघतोय हं" असं दटावून नको. लुक़मान प्रत्येक वेळी आधी "या बुनय्या" म्हणतो, माझ्या बाळा. त्या सूरहमध्ये तीनदा आलंय. सूर तोच धर.

रात्रीची_अम्मी

जज़ाकल्लाहु ख़ैर सगळ्यांना, नऊ दिवसांनी लिहितेय. अब्बूभाई, सकाळची दुआ सुरू केली. पहिले तीन दिवस काही फरक नाही, रात्री परत तोच प्रश्न. चौथ्या सकाळी मी आत गेले तर ती आधीच जागी, डोळे मिटून पडलेली, आणि मला म्हणते तू म्हण ना मग मी उठते. आता रोज असंच करते. नानीजान, तुमची दुआ मी म्हणते तेव्हा ती माझ्या ओढणीचं टोक तोंडावर घेऊन ऐकते. परवा तिने तिच्या बाहुलीला पण उजव्या कुशीवर झोपवून तिच्यावर फुंकर मारली.

पहिल्यापासून सुरू करणं अजून पूर्ण गेलं नाहीये, काल दोनदा केलं. आपा, मी पुढचा शब्द सांगते तेव्हा कधी कधी ती चिडते, मला येतं म्हणते. तेव्हा काय करू?

मकतबवाली_आपा

मग तिच्याबरोबर म्हणा, पुढचा शब्द सांगायचा नाही, तुमचा आवाज फक्त तिच्या आवाजाखाली चालू ठेवायचा. अडली तर त्याच्यावरून ती पुढे जाते, आणि सांगितल्यासारखं पण होत नाही. आणि बाहुलीचं वाचून फार बरं वाटलं, माशाअल्लाह.