अर्धवट राहिलेलं विमान कसं जपलंत? (अनुभव धागा)

धागाकर्ती, वास्को:
बाबा दाबोळीच्या नौदल तळावर सुतारकाम करायचे. रोज डोक्यावरून जाणारं सी हॉक हे लढाऊ जेट विमान त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडात कोरायला घेतलं. १९८३ मध्ये ती विमानं नौदलातून निवृत्त झाली, बाबांचं मात्र तसंच राहून गेलं. धड आणि डावा पंख झालाय, उजव्या पंखाच्या फळीवर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. चवथीच्या साफसफाईत माळ्यावर सापडलं. भिरूड लागलीय, भुसा गळतोय. भाऊ म्हणतो पूर्ण करूया. माझा हात धजत नाही. तुम्ही काय केलंत? फसलेलं असेल तर तेही सांगा.

म्हापसा:
काकांचं बालसाच्या हलक्या लाकडाचं ग्लायडर होतं, पंखांवर टिश्यू कागद आणि तो ताणून धरणारं रोगण, म्हणजे डोप. मी धूळ ओल्या फडक्याने पुसली. कागद आधी ढिला पडला, मग वाळताना आखडला आणि पंख पिळवटला. आता कोरडा मऊ ब्रश, बस. जुना डोप सेल्युलोज नायट्रेटचा असेल तर चटकन पेटतो, तेव्हा देव्हाऱ्याजवळ ठेवू नका.

फोंडा:
ताई, आधी भिरूड. रंग न दिलेलं लाकूड पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवा. घरच्या फ्रीजचा उपयोग नाही. मला मासळीवाल्या शेजाऱ्याचा डीप फ्रीझर मिळाला. काढल्यावर पिशवी दिवसभर उघडू नका, नाहीतर गार लाकडावर पाणी धरतं.

डिचोली:
पावसाळ्यात डब्यात सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की तापवून परत वापरायचे. कागद खळीने चिकटवलेला असेल तर कसर येतेच. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत ते यासाठीच. कॉकपिट पॉलिस्टायरीनचं असेल तर डांबरगोळ्या नकोत, प्लास्टिक मऊ पडतं.

साखळी:
आजोबांचं विमान मी पूर्ण केलं. प्रेमानेच केलं. राहिलेला पंख कोरला, मग दोन्ही सारखे दिसावेत म्हणून त्यांच्या पंखालाही पॉलिश पेपर मारला. त्यावर त्यांच्या पटाशीचे व्रण होते, थोडे तिरके, कारण ते डावखुरे. ते व्रण पुसले गेले. मुलीने विचारलं, यातला पणजोबांचा कुठला? मला पंख उलटून बघावा लागला. अजून सलतं. भावाला हे वाचायला द्या.

धागाकर्ती, वास्को:
दिलं. काल त्याला बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयातही नेलं. सी हॉकचं इंजिन एकच, पण झोत दोन वाटांनी पंखांच्या मुळाशी बाहेर पडतो. बाबांनी डावीकडचं ते तोंड अगदी बरोबर कोरलंय. भाऊ तिथे बराच वेळ उभा होता. घरी येऊन त्याने फळीचे फोटो काढले, रेघा मोजून वहीत उतरवल्या. पंख करायचाच तर वेगळ्या लाकडात करीन म्हणाला. बाबांची फळी आणि धड पिशवीत बंद केलंय. फोंड्याचे दादा, फ्रीझरसाठी कधी येऊ?