वजन ११६ किलो असताना स्नोमोबाईलची उडी : स्प्रिंग बदलावी की बेतच सोडावा?

दांडियाबाजारकर (प्रश्न)

मी बडोद्यात राहतो, वय ४२ आणि वजन ११६ किलो. थोरली बहीण कॅलगरीला असते आणि गेले दोन हिवाळे तिच्याकडे गेलो असता मेहुण्यांबरोबर ब्रिटिश कोलंबियातील रेव्हलस्टोकच्या डोंगरांत स्नोमोबाईल (बर्फावर चालणारी मोटरसायकलसारखी गाडी) चालवण्याचा योग आला. सपाट बर्फावर आणि झाडीतल्या वाटांवर यंत्र आता बऱ्यापैकी हाताखाली आले आहे. मात्र गेल्या फेब्रुवारीत एका उंचवट्यावरून, अंदाजे दीड मीटर खाली, सपाट जागी उतरलो तेव्हा मागचे सस्पेन्शन पूर्ण दबून तळाला आपटल्याचा खणखणीत आवाज झाला आणि पुढचे चार दिवस मला कंबर वाकवता आली नाही. त्या वेळी मी सीटवर बसलेला होतो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. ७५ किलोचे मेहुणे त्याच यंत्रावर त्याच जागेवरून हसत उतरले. घरी सर्वांचे म्हणणे असे की एवढ्या देहाने उड्या मारू नयेत. हे खरोखर वजनामुळेच झाले का, आणि मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिला आधीच दिलेला ताण, वाढवला तर भागेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कलाभवनचा जुना विद्यार्थी

आधी हिशेब मांडू, म्हणजे घरच्यांशी बोलणे सोपे जाईल. बूट, हेल्मेट, जाकीट धरून आपण १२५ किलो आणि मेहुणे ८४ किलो, आणि इंधनासह यंत्र सुमारे २५० किलोचे धरले, तर जमिनीवर आदळणारे एकूण वस्तुमान ३७५ विरुद्ध ३३४ किलो होते, म्हणजे फरक फक्त १२ टक्क्यांचा. एवढ्याशा फरकाने एकाची कंबर धरते आणि दुसरा हसतो, हे मला पटत नाही.

खरा दोषी सपाट जमीन आहे. दीड मीटरवरून पडताना वेग ताशी १९-२० किलोमीटर होतो आणि तो सारा जमिनीला काटकोनात असतो. सस्पेन्शनची चाल, म्हणजे ते दबू शकते ते अंतर, ४० सेंटिमीटर धरली तर एवढ्या अंतरात तो वेग शून्यावर आणण्यासाठी वजनाच्या सरासरी पावणेपाच पट बल लागते, आणि क्षणिक कमाल बल त्याहूनही जास्त असते. आता हेच यंत्र ताशी ४० किलोमीटरने पुढे जात असताना तितक्याच खालच्या वेगाने २० अंशांच्या उतारावर टेकले, असे समजा. यंत्राचा मार्ग क्षितिजाखाली सुमारे २६ अंश झुकलेला असल्यामुळे उताराला काटकोनातला वेग इतका कमी उरतो की तो दहा सेंटिमीटरहून कमी उंचीवरून पडण्याएवढा असतो. माझा तर या आकड्यावर विश्वास बसेना, म्हणून गणित दोनदा करून पाहिले. तेव्हा जागा निवडताना उडीच्या उंचीपेक्षा उतरण्याच्या उताराकडे अधिक पाहावे.

प्रीलोडविषयी एवढेच सांगतो की आपण नुसते उभे राहिलात तरी मागची बाजू खूप खचत असेल, तर उतरताना वापरायची निम्मी चाल आधीच संपलेली असते.

एडमंटनचा मांडवीकर

वरील उत्तरातील शेवटचे वाक्य वगळता सर्व मान्य. यंत्र हवेत असताना त्याच्यावर भार नसतो, त्यामुळे सस्पेन्शन पूर्ण उघडते आणि टेकताना संपूर्ण चाल हाताशी असते. उभे राहिल्यावर जे खचणे दिसते, ज्याला आम्ही सॅग म्हणतो, ते चाल खात नाही. स्प्रिंग आपल्या वजनाला मऊ पडते आहे, एवढेच ते दाखवते. मागचा बम्पर उचलून सस्पेन्शन पूर्ण उघडावे आणि बर्फापासूनची उंची मोजावी, मग सर्व पोशाखासह पायफळ्यांवर उभे राहून पुन्हा मोजावी. दोन मापांतला फरक म्हणजे सॅग, आणि तो यंत्राच्या पुस्तिकेशी ताडून पाहावा.

प्रीलोडने स्प्रिंगला सुरुवातीचा ताण मिळतो, परंतु तिचा कडकपणा बदलत नाही. मेहुण्यांपेक्षा आपण ४१ किलोंनी जड आहात. एवढ्या फरकाला प्रीलोड शेवटच्या खाचेवर नेण्याऐवजी कडक स्प्रिंग बसवणे योग्य, आणि त्या बहुतेक यंत्रांसाठी वेगळ्या मिळतात. स्प्रिंग कडक केली की शॉक ॲब्सॉर्बरचे रिबाउंड डॅम्पिंगही, म्हणजे स्प्रिंगच्या परत उसळण्याला होणारा अटकाव, वाढवावे लागते, नाहीतर दबलेली स्प्रिंग इतक्या जोरात उसळते की स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. शॉक हवेचे असतील तर दाब थंडीत, बाहेर उभे राहून तपासावा, कारण घरातल्या उबेत भरलेला दाब उणे पंधरा अंशांत कमी होतो.

चालवण्याविषयी दोन गोष्टी. हवेत थ्रॉटल दिला की ट्रॅकचा, म्हणजे यंत्राखाली फिरणाऱ्या रुंद पट्ट्याचा, वेग वाढून नाक वर येते, आणि थ्रॉटल सोडला किंवा ब्रेक लावला की नाक खाली जाते. जड स्वार घाबरून मागे झुकला तर नाक आणखी वर जाते, म्हणून उडी घेताना शरीर पायांवर तोललेले असावे. टेकताना थोडा थ्रॉटल चालू ठेवावा, पण पूर्ण दाबू नये, कारण त्या क्षणी बेल्ट आणि चेन दोन्हींवर एकदम ताण येतो. टेदरची दोरी (स्वार पडला की इंजिन बंद करणारी) जाकिटाला अडकवलेली असलीच पाहिजे. आणि मागच्या आपटीनंतर टनेल वाकले आहे का, हे मेहुण्यांना पाहायला सांगा. सीटखालचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा असल्या आघाताने मुडपतो.

रेव्हलस्टोकला हिमस्खलनाचा धोका खरा आहे. ॲव्हलांच कॅनडाचे त्या दिवसाचे पत्रक वाचल्याशिवाय, आणि प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा शोध घेणारे रेडिओ उपकरण), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) व फावडे असल्याशिवाय उतारावर जाऊ नये. उतरण्याची जागाही आधी फेरी मारून पाहावी, कारण बर्फाखालचा खडक वरून दिसत नाही.

रावपुरा

सरावासाठी आधी गुलमर्गला गेले तर?

एडमंटनचा मांडवीकर

तिथे सहसा भाड्याच्या यंत्रावर चालकाबरोबर ठरलेली फेरी मिळते. बर्फाची ओळख होईल, उडीचा सराव होणार नाही.

फिजिओथेरपिस्ट, अलकापुरी

यंत्राचे झाले, आता कण्याचे. बसलेल्या स्थितीत धक्का सरळ माकडहाडातून वर जातो आणि छातीचा कणा व कमरेचा कणा जिथे जुळतात तिथल्या मणक्यांवर येतो. स्नोमोबाईलच्या अपघातांत तेथील मणका दबून मोडणे ही परिचित दुखापत आहे. आपली कंबर आजही दुखत असेल किंवा पायात मुंग्या येत असतील, तर पुढच्या उडीआधी एक्स-रे काढून घ्या. गुडघे व घोटे वाकवून उभे राहिलात तर पाय स्वतःच आणखी तीस-चाळीस सेंटिमीटरचे सस्पेन्शन होतात, पण ११६ किलो तोलणाऱ्या मांड्यांत तेवढी ताकद हवी. आपण दांडिया बाजारात राहता, म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर दारातच आहे. तिथे जाऊन बैठका सुरू करा, आणि मल्लखांब करणारी मुले उडी मारून खाली उतरताना चवडे आणि गुडघे कसे वापरतात, ते थोडा वेळ उभे राहून पाहा. वजन कमी झाले तर चांगलेच, पण त्यासाठी थांबून राहण्याची गरज मला वाटत नाही.

दांडियाबाजारकर

सर्वांचा आभारी आहे. काल मेहुण्यांना फोन केला. त्यांनी यंत्र झाकण्याआधी पाहिले असता टनेल सरळ आहे, मात्र मागच्या स्प्रिंगचा प्रीलोड त्यांनी स्वतःच्या वजनासाठी सर्वांत मऊ खाचेवर ठेवला होता आणि मला यंत्र देताना बदलायला ते विसरले, हे त्यांनी आपणहून कबूल केले. कडक स्प्रिंग त्यांनी मागवली आहे. एक्स-रे या शुक्रवारी काढतो आहे, आणि तो ठीक आला तर सोमवारपासून बैठका.