पवई तलावात गळ टाकायचाय: कसा टाकावा, आणि मासा खावा का?

चांदिवलीकर:
तलाव घरापासून चालत दहा मिनिटांवर. चिलापी आणि रोहूसाठी गळ, तंगूस (गळाची नायलॉन दोरी), आमिष कोणतं घ्यावं? तळाला इतका गाळ आहे की शिसं लावून टाकलेलं आमिष काळं होऊन, कुजक्या अंड्याचा वास घेऊन वर येतं. आणि चिलापी घरी आणली तर खाण्याजोगी असते का? घरचे म्हणतात, हळद-मीठ चोळून तासभर ठेवली की झालं.

तंगूस३०:
आधी परवानगीचं बघा. तलावाकाठीच महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे, तिथे विचारून मगच सामान घ्या.

आमिष तळाला ठेवूच नका. त्या काळ्या गाळात ऑक्सिजन नसतो, मासा तिथे तोंड घालत नाही. दोरीला फ्लोट (पाण्यावर तरंगणारी खूण) लावा. खोली मोजायला गळाला जड शिसं अडकवून टाका: फ्लोट बुडला तर वर सरकवा, आडवा पडला तर खाली. टोक जेमतेम पाण्याबाहेर राहिलं की शिसं टेकलं. पण मऊ गाळात शिसं चार-सहा बोटं रुततं आणि खोली खरीपेक्षा जास्त दिसते. म्हणून त्या मापातून चांगली दीड वीत कमी करा. बहुतेकांचं इथेच चुकतं.

चिलापीचं तोंड लहान, तिला १० नंबरचा गळ (नंबर जितका मोठा तितका गळ लहान) आणि ०.२५ मिमी तंगूस, आमिष गांडुळाचा तुकडा. रोहूला ६ नंबर आणि ०.३० मिमी. त्याच्यासाठी दोन वाट्या शेंगदाणा पेंड, एक वाटी कणीक, मूठभर भाजलेलं बेसन घट्ट मळा. मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला, नाहीतर पाच मिनिटांत गोळा विरघळतो आणि तुम्ही रिकाम्या गळाकडे बघत बसता. कटला वरच्या थरात हिरवं पाणी गाळून खातो, त्याच्यासाठी खोली आणखी कमी करा.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. सोडताना मासा फाटत नाही, बोटात घुसला तरी लगेच निघतो.

शेवाळं:
मासे जमवायला पाण्यात टाकतात त्या चाऱ्याबद्दल एक. किलो-किलो पेंड ओतणारे लोक तलावाचं वाटोळंच करतात. ती कुजते आणि उरलासुरला ऑक्सिजनही खाते. लिंबाएवढे तीन-चार गोळे पुरे.

वेळ म्हणाल तर दुपार उतरल्यावर. पहाट चांगली, हे स्वच्छ पाण्याचं गणित आहे. सांडपाणी मिसळलेल्या हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच ओढतं, त्यामुळे उजाडताना तो सर्वांत कमी असतो. ढगाळ दिवसानंतर तर आणखीच. मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ-आ करताना दिसले तर गळ गुंडाळून घरी जा. ते खात नाहीत, आणि लागलाच तर सोडल्यावर मरतो.

पाण्यावर साय दिसली तर काडी बुडवून उचला. लांब केसांसारखे धागे लोंबले तर साधं शेवाळ. काडी हिरव्या ऑइलपेंटमध्ये बुडवल्यासारखी माखली तर निळं-हिरवं शेवाळ समजा. त्याच्या काही जाती विष सोडतात. त्या दिवशी हातही घालू नका.

कोकमकढी:
खाण्याबद्दल स्पष्ट सांगतो: खाऊ नका. हळद-मीठ, चिंच, कोकम यांनी मातकट वास कमी होतो, इतकंच. स्वच्छ पाण्याच्या टाकीत आठवडाभर ठेवूनही वासच जातो. जंतू नीट शिजवल्यावर मरतात. पण शिसं-कॅडमियम कल्ले, काळीज (यकृत), हाडं यांत साठतं आणि पारा थेट मांसात बसतो. तो कापून किंवा तळून निघत नाही. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विषही उकळून जात नाही, आणि ते काळीज-आतड्यांत सर्वांत जास्त असतं. म्हणजे लहान चिलापी अख्खी तळणं सर्वांत वाईट.

पवईचा तलाव १८९१ च्या सुमारास पिण्याच्या पाण्यासाठीच बांधला होता, पण ते पाणी पिण्यालायक न ठरल्याने तो वापर केव्हाच थांबला. मरळ किंवा मांगूर जिवंत सापडतो म्हणजे पाणी बरं, असंही समजू नका. ते वरची हवा घेऊन जगतात.

मरळ:
तलावात मगरी आहेत, हे वर कोणीच लिहिलं नाही! पाण्यात पाय सोडून बसायचं नाही, काठावर मासा साफ करायचा नाही, लांब दांड्याची जाळी वापरायची, अंधार पडायच्या आत उठायचं. हातापायाला जखम असेल तर जाऊच नका, लेप्टोचा (दूषित पाण्यातून जखमेवाटे शिरणाऱ्या तापाचा) धोका असतो. चिलापीच्या पाठीचा काटा टोचला तर साबणाने भरपूर धुवा.

मासा सोडताना हात ओले करा, पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका. मग जाळीतच पाण्यात सरळ धरा, कल्ले नीट हलून तो स्वतः निसटेपर्यंत. तुटलेली तंगूस गोळा करून घरी न्या, बगळे अडकतात.

चांदिवलीकर:
आभार. मांगूर लागला तर तोही सोडायचा?

कोकमकढी:
किलोच्या वर भरला तर तो देशी मांगूर नव्हे, आफ्रिकन, म्हणजे बाजारात ज्याला थाई म्हणतात तो. तो पाळायलाही बंदी आहे. परत पाण्यात नको. डोक्यावर एक जोराचा फटका मारा, पिशवीत बांधा आणि घरी नेऊन पुरा. काठावर टाकलात तर वासाने मगर वर येईल.